टपकतंय? टपकू द्या!

‘‘अगं, आपला गिझर हल्ली बोलतो.’’

गुरुवारी रात्री साडेदहाला आईने फोनवर हे वाक्य टाकलं आणि लगेच ‘जेवलीस का?’वर आली. आईलोकांची ही खासियत. खरी बातमी मधल्या ओळीत सरकवायची आणि हेडलाइन जेवणाची!

‘‘बोलतो म्हणजे?’’ मी विचारलं.

‘‘म्हणजे आत कुणीतरी चणे भाजतंय असा आवाज येतो. कडकड, कडकड. पण पाणी तापतं हो छान. उलट आता जास्तच कढत येतं. आणि तो बाथरूममधला गरम पाण्याचा नळ जरा गळतो. बाबांनी दोनदा वॉशर बदलला. बाकी काही नाही. तू नको काळजी करू.’’

‘तू नको काळजी करू’ ऐकलं की काळजी करायची, एवढं शहाणपण तिशी ओलांडेपर्यंत मला आलंय. त्यात दिवाळी तीन आठवड्यांवर. दादा-वहिनी आणि त्यांची दोन चिल्लीपिल्ली येणार. पहिल्या आंघोळीच्या पहाटे गिझर चार वाजल्यापासून सुरू राहणार. म्हटलं, चला, या वीकेंडला आपणच जाऊन बघू, हा बाबा नक्की काय बोलतोय ते.

ऑफिसातल्या गँगने त्याच वीकेंडला दिवेआगरचा प्लॅन टाकला होता. मी म्हटलं, मला वाटेत माणगावला सोडा. ‘‘माणगाव? म्हणजे ते ट्रॅफिकवालं?’’ हो, तेच! तुमच्यापैकी निम्म्यांना माझं गाव एवढंच माहीत असतं. ताम्हिणी उतरलात, विळे-भागाड आणि निजामपूर गेलं, की मुंबई-गोवा हायवेवर जिथे सगळ्या गाड्या एकमेकींचे बंपर हुंगत उभ्या असतात, ते माणगाव. तुम्ही काच खाली करून वैतागता आणि श्रीवर्धनकडे वळता. आम्ही तिथे राहतो हो. तिथे घरं आहेत, विहिरी आहेत आणि बाथरूममध्ये गिझरसुद्धा आहेत!

बंब ते बटण

या गिझरची एक स्टोरी आहे. २०१३च्या दिवाळीत, माझ्या पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून मी तो घेतला. पंचवीस लिटर, पांढराशुभ्र, लाल-हिरव्या दिव्यांचा. तोवर आमच्याकडे तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडं, खाली जाळी, वरून गार पाणी ओता आणि तोटीतून वाफाळतं पाणी घ्या. बाबा पहाटे उठून तो पेटवायचे. धूर, राख, डोळ्यांत पाणी. मी गिझर लावून घेतला तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘‘एवढा खर्च कशाला?’’ आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकांना बाथरूममध्ये नेऊन दिवे दाखवले होते.

बंब आईने टाकला मात्र नाही. नशीब म्हणायचं! ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा आमच्या आळीत कितीतरी दिवस वीज नव्हती. मी पुण्यात, लॉकडाऊनमध्ये, लागत नसलेला फोन पुन्हापुन्हा लावत बसले होते. अखेर फोन लागला तेव्हा आई म्हणाली, ‘‘कौलं गेली, आंबा पडला, पण आंघोळीला गरम पाणी आहे. बंब पेटवलाय.’’ पडलेल्या आंब्याच्याच फांद्या पेटवत होते दोघं.

तर सांगायचा मुद्दा असा, की बंबाची देखभाल कुणाला शिकवावी लागत नव्हती. राख काढायची, चिंचेने घासायचा, तळाचा गाळ ओतून द्यायचा. मैल दिसायचा म्हणून हात आपोआप जायचा. गिझर आला आणि सगळं एका पांढऱ्या डब्यात बंद झालं. दिसत नाही, म्हणजे नाहीच! बारा वर्षांत आमच्यापैकी कुणीही त्याच्या पोटात काय आहे हे बघितलं नव्हतं. तुमच्याकडच्या गिझरचं पोट कधी साफ झालंय? खरं सांगा. बाइकचं सर्व्हिसिंग दर काही महिन्यांनी, एसीचं दर उन्हाळ्यात, स्वतःचं फेशियल दर महिन्याला. आणि गिझर? तो बंद पडला की वायरमनला फोन!

पोटात असतं तरी काय?

‘गीझिर’ हे आइसलँडमधल्या एका उसळत्या गरम झऱ्याचं नाव. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉगन नावाच्या माणसाने गॅसवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हेच नाव दिलं. आपल्याकडे ते इतकं रुळलं, की वॉटर हीटर म्हटलं तर दुकानदारच विचारतो, ‘‘म्हणजे गिझरच ना?’’

आतली रचना तशी सोपी. एक टाकी. तळाकडून गार पाणी आत येतं. तापलेलं पाणी हलकं, म्हणून वर जातं आणि बाहेर जाणारी नळी ते वरून उचलते. तळाजवळ कॉइल, शेजारी थर्मोस्टॅट. पाणी ठरलेल्या अंशांपर्यंत तापलं, की तो वीज तोडतो. तो चुकलाच तर वीज तोडायला आणखी एक कटआउट. टाकी स्टीलची आणि आतून काचेसारख्या थराची असेल, तर आत मॅग्नेशियमची एक कांडीही असते. पाण्यामुळे जे गंजणं टाकीच्या वाट्याला यायचं, ते ही कांडी स्वतःवर घेते आणि हळूहळू झिजून संपते. आणि या सगळ्यांवर एक सेफ्टी व्हॉल्व. त्याच्याकडे आपण नंतर येऊ. या गोष्टीचा खरा हीरो तोच.

आता हे चणे कोण भाजतं? आमच्याकडे पावसाळ्यात विहिरीचं पाणी चढतं, थोडं गढूळ होतं. ते गच्चीवरच्या टाकीत जातं, तिथून गिझरमध्ये आणि गाळ तळाशी बसतो. मार्चनंतर विहीर खाली गेली, की बोअर सुरू होते. बोअरचं पाणी विहिरीपेक्षा जड. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते. अशा पाण्यात कॅल्शियम विरघळलेलं असतं. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. याचं उलटं. पाणी तापलं की हा चुना बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागा शोधून चिकटतो. म्हणजे कॉइलवर! या कवचाखाली अडकलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, वाफेचे बुडबुडे फुटतात आणि आईला चणे भाजल्याचा आवाज येतो.

‘असा गिझर डबल वीज खातो’ असं तुम्ही ऐकलं असेल. कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे तसं दुप्पट-बिप्पट काही नसतं. खरा तोटा वेगळा. कवचामुळे कॉइल स्वतः भाजून निघते आणि लवकर जळते. गाळामुळे टाकीत मावणारं पाणी कमी होतं. तुमचा गिझर नीट चालतोय का, याचा एक सोपा हिशेब देते. दोन किलोवॉटच्या कॉइलला पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण अर्धा तास लागतो. पंचवीस लिटरवाला दहा मिनिटांतच दिवा बदलू लागला, किंवा तासभर लाल दिवा सोडेना, तर काहीतरी गडबड आहे.

शनिवार सकाळ, पाना आणि बाबा

शनिवारी सकाळी मी बाह्या सरसावून बाथरूममध्ये. हातात पाना, दोन बादल्या, जुना टॉवेल. दारात बाबा. बाबा निवृत्त शिक्षक. म्हणजे कुणीही काहीही करत असलं तरी पेपर तपासणार.

‘‘कॉलेजात केमिस्ट्रीला बासष्ट मार्क होते तुला,’’ त्यांनी आठवण करून दिली.

‘‘प्लंबिंगला पैकीच्या पैकी मिळतील, बघाच तुम्ही.’’

पहिलं काम म्हणजे एमसीबी खाली. नुसतं बाथरूमचं बटण नव्हे, बोर्डातला एमसीबीच. मग टेस्टर लावून बघायचं. रात्रीच गिझर बंद ठेवला होता, त्यामुळे पाणी कोमट झालं होतं. ही घाई कधी करू नका. तापलेल्या गिझरचं पाणी हातावर आलं, की वीकेंड दवाखान्यात जातो.

दुसरं, गिझरकडे येणाऱ्या गार पाण्याचा अँगल कॉक बंद. तिसरं, गरम पाण्याचा नळ उघडायचा. आतलं प्रेशर निघून जातं आणि हवा आत जायला वाट होते. तुम्हाला वाटेल, नळ उघडला म्हणजे गिझर रिकामा झाला. अजिबात नाही! गरम पाणी वरून उचललं जातं ना? मग खालून ढकलणारं गार पाणीच बंद केल्यावर टाकी भरलेलीच राहते. ती रिकामी होते खालून. काही मॉडेलना ड्रेन प्लग असतो. आमच्याला नव्हता, म्हणून गार पाण्याचा कनेक्शन पाईप गिझरच्या बाजूने सोडवायचा आणि खाली बादली धरायची.

मी नट फिरवला. पहिल्यांदा काहीच नाही. मग एक उचकी. आणि मग जे काही आलं ना... चहाच्या रंगाचं पाणी! पहिली बादली तांबूस. दुसऱ्या बादलीच्या तळाशी बारीक माती, आणि तिच्यात अंड्याच्या टरफलासारखे पांढरे पापुद्रे. आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

‘‘याने आंघोळ करत होतो आपण?’’

‘‘वरचं पाणी येतं हो, खालचं नाही,’’ बाबांनी गिझरची बाजू घेतली.

पाणी संपलं तरी काम संपत नाही. पाईप परत जोडायचा, कॉक जोरात उघडून टाकी थोडी भरायची, म्हणजे तळाचा गाळ ढवळला जातो. मग कॉक बंद, पाईप सोडा, पुन्हा रिकामी. हे तीनदा केलं. चौथ्या वेळी बादलीत पाणी पाण्यासारखं दिसलं. बाबा म्हणाले, ‘‘पास.’’

मला वाटलं, झालं. टॉवेलने हात पुसले. आणि तेव्हा, खाली वाकून बघताना, ते दिसलं.

तो लाल दांडा

गार पाणी जिथून आत जातं, तिथे पितळेचा सेफ्टी व्हॉल्व होता. लाल दांडा आणि बाजूला पाणी सोडण्याचं एक छोटं तोंड. त्या तोंडात टेफ्लॉन टेप गुंडाळून, घट्ट आवळून, एक लोखंडी बूच बसवलं होतं.

‘‘बाबा, हे काय आहे?’’

‘‘ते होय? तो व्हॉल्व गळत होता. गेल्या वर्षी बाथरूमची पाइपलाइन नवी केली ना, तेव्हापासून. रोज सकाळी टप, टप, टप. पाणी वाया. आईचा पाय घसरला असता. मग एकाला बोलावून बूच मारून घेतलं. पन्नास रुपयांत काम झालं. तेव्हापासून एक थेंब नाही.’’

किती अभिमानाने सांगत होते! आणि माझ्या पोटात गोळा आला.

मंडळी, इथे जरा थांबा आणि नीट वाचा. पाणी तापलं की फुगतं. पंचवीस लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की साधारण साडेतीनशे मिलीलिटरने वाढतं. म्हणजे जवळपास दोन वाट्या. ह्या दोन वाट्या जाणार कुठे? जुन्या पाइपलाइनमध्ये ते पाणी आल्या वाटेने मागे, गच्चीवरच्या टाकीकडे सरकत होतं. कुणाला कळतही नव्हतं. नवी लाइन करताना प्लंबरने एनआरव्ही बसवला, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व. चांगलंच केलं, गरम पाणी मागे जाऊ नये म्हणून तो बसवतात. पण मागची वाट बंद झाली. मग ते वाढलेलं पाणी सेफ्टी व्हॉल्वमधून थेंबाथेंबाने बाहेर यायला लागलं. म्हणजे व्हॉल्व बिघडला नव्हताच. तो त्याचं काम करत होता! आणि आपण त्याच्या तोंडात बूच मारलं.

आता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गरम पाण्याचा नळ का गळत होता? बाबांनी दोनदा वॉशर बदलला तरी? कारण चहूबाजूंनी कोंडलेल्या त्या पाण्याला बाहेर पडायला तेवढी एकच कमजोर जागा उरली होती. वॉशरचा दोष नव्हता. नळ गेले वर्षभर सेफ्टी व्हॉल्वची ड्युटी करत होता. आणि बाबा मन लावून तीही वाट बंद करत होते!

आणि आईचं ते कौतुक? ‘आता जास्तच कढत येतं.’ म्हणजे थर्मोस्टॅट वेळेवर वीज तोडत नव्हता. वाफ व्हायला सुरुवात झाली की प्रकरण फुगण्यापुरतं राहत नाही. उघड्यावर पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. बंद टाकीत दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहू शकतं. आणि टाकी फाटली की त्याच क्षणी त्यातल्या काही पाण्याची वाफ होते. गिझर फुटल्याच्या बातम्यांमागे बहुतेक वेळा हेच असतं. थर्मोस्टॅट गेलेला, कटआउट गेलेला आणि व्हॉल्व चोंदलेला किंवा बंद केलेला. तीन पहारेकऱ्यांपैकी आमचा एक डुलक्या घेत होता, एकाचं तोंड आम्हीच बांधलं होतं. बारा वर्षांच्या कटआउटच्या जिवावर सगळा कारभार चालला होता.

नरकचतुर्दशीची पहाट, चार वाजता चालू केलेला गिझर, आत उटणं लावून बसलेली दोन पोरं... मी पुढचा विचार केला नाही.

‘‘मला फोन का नाही केलात?’’ माझा आवाज नको तेवढा चढला.

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘अगं, तू मीटिंगमध्ये असतेस. गळतंय, एवढ्यासाठी काय फोन करायचा?’’

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते खरं होतं. मी मीटिंगमध्येच असते. आणि ‘बाबा, नंतर करते’ म्हटलेला फोन किती वेळा नंतर केलाय, याचा हिशेब केमिस्ट्रीच्या बासष्ट मार्कांहून वाईट आहे.

वायरमनचा निकाल

टाकी रिकामी करून धुणं आपल्या हातातलं काम. पण खालचं झाकण उघडून कॉइल काढणं हे वायरमनचं. तिथे शहाणपणा करायचा नाही. दुपारी वायरमनदादा आले. बूच बघून त्यांनी जीभ चावली. झाकणाचे नट सोडवून कॉइल बाहेर काढली, तेव्हा ती कॉइल नव्हतीच. समुद्रावर मिळणाऱ्या पोवळ्याचा तुकडा वाटत होता. मॅग्नेशियमची कांडी? तिची नुसती तार शिल्लक होती, सुतळीएवढी. थर्मोस्टॅटचे पॉइंट काळे पडलेले.

कॉइलवरचा चुना त्यांनी हलक्या हाताने टोकून काढला, उरलेला सायट्रिक अॅसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवला. तासाभरात फसफसून सुटला. आई म्हणाली, ‘‘म्हणजे बंबाला चिंच लावायचो तसंच की!’’ अगदी तसंच, आई. फक्त संडास-बाथरूम घासायचं अॅसिड मात्र यासाठी कधी वापरू नका. ते चुन्याबरोबर धातूही खातं.

मी तोवर बाजारातून सामान आणलं. नवी कांडी, नवा थर्मोस्टॅट, नवा कटआउट, नवं रबर गॅसकेट आणि नवा सेफ्टी व्हॉल्व. व्हॉल्व घेताना गिझरच्या पाटीवर किती बार लिहिलंय ते बघून त्याच्याशी जुळणारा घ्यायचा. त्याच्या तोंडाला या वेळी बुचाऐवजी एक पातळ नळी लावली आणि ती खाली मोरीच्या जाळीपर्यंत नेली. शेवट उघडा. ना पाणी सांडणार, ना आईचा पाय घसरणार. पन्नास रुपयांच्या बुचाऐवजी हात-दीड हात नळी, एवढंच करायला हवं होतं!

शेवटी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आधी पाणी, मग वीज. अँगल कॉक उघडला, गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला. आधी फुरफुर हवा, मग थुंकत थुंकत पाणी, मग सलग धार. सलग धार आल्यावरच एमसीबी वर. रिकाम्या टाकीत कॉइल चालू केली, तर ती पाहता पाहता जळते.

हिरवा दिवा लागायला अर्धा तास लागला. बाबांनी घड्याळ लावलं होतं. आणि आवाज? काही नाही. गिझर एकदम मुका.

‘अजून किती वर्षं चालेल?’ असं विचारलं, तर वायरमनदादा म्हणाले, टाकी धड आहे तोवर. टाकीच गळायला लागली, की दुरुस्ती नाही, सरळ नवा घ्या. दर दिवाळीच्या आधी एकदा पोट साफ आणि कांडी बघायची, असं ठरलं. फराळाच्या यादीत आईने लिहूनच टाकलं: ‘चकली भाजणी, अनारसे पीठ, गिझर.’

फ्रिजवर चिकटवा!

तुमच्याकडेही आठ-दहा वर्षं जुना गिझर असेल, पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये किंवा गावी आईबाबांकडे, तर एवढं करा:

• वर्षातून एकदा टाकी रिकामी करून धुवा. पावसाळा संपल्यावर उत्तम. पाणी जड असेल तर दोनदा.

• क्रम पाठ करा. एमसीबी बंद, गार होऊ द्या, गार पाण्याचा कॉक बंद, गरम नळ उघडा, मग खालून रिकामा. परत सुरू करताना आधी पाणी, मग वीज.

• सेफ्टी व्हॉल्वचा दांडा दर दोन-तीन महिन्यांनी, गिझर गार असताना, एकदा उचलून बघा. पाणी यायला हवं. व्हॉल्व आणि गिझर यांच्यामध्ये कुठलाही कॉक नको. आणि त्याच्या तोंडात बूच? कधीच नाही!

• पाणी तापतानाच थेंब येतात आणि नंतर थांबतात? मजेत राहा. गिझर बंद असतानाही दिवसभर गळतंय? व्हॉल्व अडकलाय किंवा इमारतीच्या पाण्याचं प्रेशर जास्त आहे, प्लंबरला दाखवा. गिझरच्या अंगातूनच, खालच्या झाकणातून पाणी येतंय? एमसीबी लगेच बंद.

• कांडी दर वर्षी-दोन वर्षांनी बघा. तार दिसायला लागली की बदला.

• तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवा. फार कमी ठेवलं तर कोमट पाण्यात जंतू वाढू शकतात, आणि ६० अंशांचं पाणी थेट अंगावर घेतलं तर काही सेकंदांत भाजतं. तेव्हा आधी बादलीत गार पाणी, मग गरम. घरात म्हातारी माणसं किंवा मुलं असतील तर हा नियम कडक.

• अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात शॉक लागण्यापासून वाचवणारा आरसीसीबी आहे का ते बघा.

आणि यादीत न बसणारी एक गोष्ट. गावी फोन कराल तेव्हा ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ हेच असतं. ‘कुठे काही गळतंय का? कसला आवाज येतो का? वर्षभरात काय काय दुरुस्त करून घेतलंत?’ असं विचारा. आपल्या आईबाबांना प्रॉब्लेम सांगायचा नसतो. तो पन्नास रुपयांत बंद करायचा असतो, आपली मीटिंग मोडू नये म्हणून.

रविवारी संध्याकाळी गँगने मला परत उचललं. सगळे उन्हाने लाल, केसांत वाळू. ‘‘काय मग, काय केलंस दोन दिवस?’’ म्हटलं, गिझर धुतला. गाडीत हशा पिकला. ताम्हिणी चढेपर्यंत मी त्यांना हे सगळं सांगितलं. पौड येईस्तोवर मागच्या सीटवरच्या दोघांनी घरी फोन लावले होते.

मंगळवारी, बरोबर मीटिंगच्या मध्यात, बाबांचा फोन. मी बाहेर जाऊन घेतला.

‘‘अगं, ते टपकतंय.’’

‘‘किती?’’

‘‘मी भांडं ठेवून मोजलं. सकाळी एकदा तापवला की दोन वाट्या. बरोबर तू सांगितलंस तेवढं.’’

‘‘मग छान. टपकू द्या.’’

‘‘तेच म्हटलं. आई ते तुळशीला घालते, गार करून.’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘तू मीटिंगमध्ये नव्हतीस ना?’’

‘‘नाही हो,’’ मी म्हटलं. ‘‘बोला ना.’’